वितळलेलं तळं

१

शीतघराच्या दाराखालून पाणी आलं होतं आणि ते काळं होतं.

लागून आलेल्या सुट्ट्या संपून संशोधन संस्था उघडली, त्या सकाळी तळघरात सगळ्यात आधी उतरला तो पहारेकरी. त्याला वाटलं नळ फुटला असेल. त्यानं जाड दार ओढलं, तर आतून गार हवेऐवजी ओल्या मातीचा कुबट वाफारा अंगावर आला. फळ्यांवर ओळीनं ठेवलेल्या पत्र्याच्या लांबट ट्रेंमधून चिखल ओघळून खालच्या ट्रेंमध्ये, तिथून जमिनीवर, जमिनीवरून उंबऱ्याबाहेर आला होता. बाहेर भिंतीतल्या लोखंडी झाकणामागं यंत्राचा खटका होता. तो बंद होता. पहारेकऱ्यानं घाबरून तो आधी चालू केला आणि मग आरडाओरडा केला. त्यामुळे खटक्याला त्याआधी कोणाचा हात लागला होता, हे शोधायची सोयच उरली नाही.

हा चिखल म्हणजे एका तळ्याचा तळ होता. तळ्यात दर वर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो, नखाएवढा. कोणत्या वर्षी पूर आला, कधी पाऊस रुसला, कधी कसली पानं गळली, ते सगळं त्या थरात बसतं. तो गाळ इतका पातळ की हलवला तरी मिसळून जाईल, म्हणून तळ्यातच गोठवून तो लांब कांड्यांसारखा वर काढला होता आणि तेव्हापासून गोठलेलाच ठेवला होता. तळं पुढे बुजवलं गेलं. आता तिथं गोदामं उभी आहेत. म्हणजे त्या तळ्याचं जे काही जगात उरलं होतं ते या ट्रेंमध्ये होतं, आणि आता ते फरशीवर होतं.

ज्या माणसानं त्यावर उभी हयात घालवली, त्याला संस्थेत मागून सगळे चिखलबाबा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याची हरकत नव्हती. तो त्या दिवशी संस्थेत नव्हता. फुप्फुसाच्या तपासण्यांसाठी सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी इस्पितळात गेला, तो घरी आला तेव्हा नाकाला नळी लावूनच. बातमी त्याला बायकोनं सांगितली. त्यानं काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "चिमीला बोलाव."

२

चिमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती स्वतः आता निवृत्त झाली होती आणि दादा सोडला तर जगात सगळे तिला ताई म्हणत. विमा कंपनीसाठी आगी तपासण्याचं काम तिनं जन्मभर केलं. जळक्या दुकानात, कारखान्यात शिरायचं आणि आग लागली की लावली हे सांगायचं.

"मला आगीतलं कळतं दादा," ती म्हणाली. "हे तुझं गार काम."

"एकच आहे." त्याला एकेका वाक्यानंतर थांबावं लागत होतं. "कोणीतरी थंडी विझवलीय. आणि कोणी, ते मला ठाऊक आहे."

वहिनी औषधाचं पाणी घेऊन आली होती, ती तिथंच थबकली. "झालं सुरू," ती पुटपुटली.

दादाच्या मते हे परागवाल्याचं काम होतं. परागवाला हा त्याचा विद्यार्थी. फुलांचे हजारो वर्षांपूर्वीचे परागकण भिंगाखाली मोजायचा. या घरात तो मुलासारखा वाढला. दादाला मूल नव्हतं, त्यामुळे 'मुलासारखा' हा शब्द इथं वरवरचा नव्हता. दीड-एक वर्षापूर्वी त्यानं एक निबंध छापला. चिखलातला एक करडा थर राखेचा आहे, म्हणजे तळ्याकाठचं अख्खं रान एकदा जळालं होतं, असा त्याचा दावा होता. दादानं तो भर परिषदेत उठून खोडून काढला. तो थर राखेचा नाही, नुसता गाळ आहे आणि या मुलाला डोळे नाहीत, असं तो शंभर माणसांसमोर म्हणाला. त्या दिवसानंतर दोघं बोलले नव्हते. शीतघराची किल्लीही दादानं काढून घेतली होती.

"आता चिखलच नाही, तर त्याला खोटं पाडणार कोण?" दादा म्हणाला. "आणि सुट्टीत तो आला होता. पहारेकऱ्यानं पाहिलाय."

जिन्यापर्यंत सोडायला आलेली वहिनी हळूच म्हणाली, "ताई, त्या चिखलानं माझा संसार खाल्ला. आम्ही कुठं गेलो नाही, कुठं राहिलो नाही. पण तो वाहून गेला असं कळलं ना, तर रडू मलाच आलं. तुम्ही शोधा. पण तो मुलगा असं करायचा नाही हो."

"हे तुम्ही दादाला सांगितलंत?"

"त्यांना कोणी कधी काही सांगितलंय?"

३

संचालकांना प्रकरण मिटवायचं होतं. "यंत्र बिघडलं असं म्हणून टाकू," ते म्हणाले.

"यंत्र ठणठणीत आहे, असं तुमचाच माणूस सांगतो."

"मग सुट्टीत कोणीतरी केलं. इमारत रिकामी असते. आता कोण आलं होतं ते तर उघडच आहे." त्यांनी हात पसरले. "त्यानं राजीनामा दिला की विषय संपला."

"आणि थंडी कमी झाली की वाजणारी घंटा?"

संचालक खिडकीबाहेर बघायला लागले. घंटा दार उघडं राहिलं तरी वाजायची, सारखी कटकट, म्हणून ती त्यांनीच काढायला लावली होती.

ताई इमारतीत हिंडली. भावाला डबा द्यायला ती इथं अनेकदा आली होती, पण बाकीच्या दारांमागं काय चालतं हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. एक जण कासवांच्या पाठीवरच्या रेषा मापत होता. एक बाई जुन्या तुरुंगांच्या कुलपांवर ग्रंथ लिहीत होती. एकाचा विषय होता जांभई. माणसं सज्जन होती, आपापल्या कामाबद्दल भरभरून बोलत. पण शेजारचा काय करतो असं विचारलं की सगळे एकसारखे खांदे उडवत.

तळघरात चौघांचा वावर असे. दादा, किडेवाले, गाठवाले आणि बोलीवाल्या बाई.

किडेवाले जुन्या पुस्तकांच्या बांधणीला लागणाऱ्या किडीचा अभ्यास करत. कडाक्याच्या थंडीत कीड मरते, म्हणून पुस्तकांची खोकी ते शीतघरात ठेवत. फळ्यांवरून त्यांची आणि दादाची कायम जुंपायची.

"तुमचे बंधू अख्खं शीतघर अडवून बसले होते," ते लपवाछपवी न करता म्हणाले. "मी भांडलो. पुन्हाही भांडेन."

"आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी तुम्ही तुमची सगळी खोकी बाहेर काढलीत. बरोबर वेळेवर."

त्यांचा चेहरा लाल झाला. "ग्रंथालयाला सुट्टीआधी परत हवी होती! पोचवलीत, दुपारभर तिथंच होतो, विचारा त्यांना."

"किती वाजता काढलीत?"

"सकाळी आल्या आल्या."

"तेव्हा आत कसं होतं?"

"कसं म्हणजे? बर्फ! हातमोजे विसरलो, तर बोटं पत्र्याला चिकटली. ही बघा." बोटांच्या टोकांची कातडी अजून सोललेली होती.

ताईनं बोटं नीट बघितली आणि आभार मानले.

४

गाठवाले गणिती होते. दोरीला किती तऱ्हांनी गाठ बसते आणि कुठली गाठ खरी, कुठली नुसती दिसायला, हा त्यांचा विषय. खिशात कायम सुतळी. बोलतानाही बोटं गाठी मारत. शीतघराला लागूनच त्यांची खोली होती. टेबलावर ताईनं चहाचा कप ठेवला, तर पुन्हा सुरू झालेल्या यंत्राच्या घरघरीनं तो बशीत बारीक थरथरत राहिला.

"मला काही ठाऊक नाही," ते ओशाळून म्हणाले. "मी इथं असून नसल्यासारखाच. घरचे पण हेच म्हणतात."

"सुट्टीच्या आदल्या दिवशी होतात?"

"होतो म्हणजे!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तो दिवस मी विसरणार नाही. एक सिद्धता अडली होती. वर्ष गेलं त्यात. त्या दुपारी जेवून येऊन बसलो आणि बसल्या बैठकीला सुटली. ताई, डोकं असं निवळलं होतं की काय सांगू. आतली भुणभुण थांबावी तसं. संध्याकाळी नाचत घरी गेलो."

"त्यानंतर?"

"त्यानंतर पुढचा भाग घेऊन बसलोय, पण छे." त्यांनी सुतळी ओढली, गाठ सुटली नाही. "सकाळपासून डोकं जड होतं. वय झालं, दुसरं काय."

ताई उठली. दाराशी जाऊन परत वळली. "त्या दुपारी शेजारी कोणी होतं?"

"बोलीवाल्या बाई होत्या, त्यांच्या त्या म्हातारबाईंना घेऊन. बिचाऱ्या त्याच दिवशी गेल्या ना? रुग्णवाहिका आली होती म्हणतात. मला तेही दुसऱ्यांकडून कळलं."

ताईचा चहा कपातच राहिला.

५

परागवाला संस्थेजवळच एका खोलीत भाड्यानं राहत होता. सामान अर्धं बांधलेलं होतं.

"सरांची बहीण म्हणून आलात की तपास करायला?"

"दोन्ही."

"मग बसा." त्यानं पुस्तकांची चळत उचलून खुर्ची मोकळी केली. "सुट्टीत मी गेलो होतो, खरं आहे. माझ्या खोलीतल्या काचपट्ट्या आणायला. मला दुसऱ्या गावी नोकरी मिळतेय. सुट्टीच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मुलाखतीला गेलो, रात्री परतलो. कोणाला बोललो नाही. सरांना दुसऱ्याकडून कळायला नको होतं."

"पहाटेपासून रात्रीपर्यंत तू इथं नव्हतास? दाखवता येईल?"

"येईल, पण उपयोग काय? सगळे म्हणतात सुट्टीत झालं. सुट्टीत मी इथं एकटाच होतो." त्यानं चळत खाली ठेवली. "ताई, माझा थर त्याच चिखलात होता. तो राखेचा आहे हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काय होतं? सर खोटे ठरले असते तर त्या चिखलावरूनच. मी तो कशाला नासवीन?"

"हे तू दादाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठं? ठरवूनच टाकलं."

जाताना ताईनं विचारलं, "काचपट्ट्या न्यायला आलास, तेव्हा खाली उतरला होतास का रे?"

त्यानं एका खोक्याची दोरी आवळली. "जिन्यापर्यंत गेलो होतो. जाण्याआधी एकदा दारापाशी उभं राहावं असं वाटलं. पण किल्ली काढून घेतलेल्या माणसानं दारात उभं कशाला राहायचं, म्हणून वळलो. तीन पायऱ्या उतरलो असतो तरी पाणी दिसलं असतं. कदाचित तोवर नुसतं पाणीच सुटलं असेल, चिखल नाही. खालचे ट्रे वाचले असते."

त्यानं तोंड फिरवलं. ताईला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तपास पुरा व्हायचा होता.

६

बोलीवाल्या बाईंच्या खोलीला भिंतभर स्पंज लावलेला होता. मधोमध दोन खुर्च्या आणि एक ध्वनिमुद्रक. त्यातली एक खुर्ची आता रिकामीच राहणार होती.

बाई पन्नाशीच्या, बारीक, नीटनेटक्या. जी भाषा बोलणारी एकच बाई जगात उरली होती, त्या भाषेवर त्या काम करत होत्या. ती म्हातारी भाचीकडे राहायची. भाचीला ती भाषा येत नव्हती, कोणालाच येत नव्हती.

"त्यांच्या भाषेत उसाशाला फार किंमत होती," बाई म्हणाल्या. "'बहीण' आणि 'तहान' हे दोन शब्द सारखेच. मधे एक बारीक उसासा आला तर बहीण, नाही आला तर तहान. आपल्या कानाला तो पटकन ऐकूही येत नाही."

"मला ऐकता येईल?"

बाईंनी कानावर लावायचं यंत्र दिलं. ताईनं एक मुद्रण ऐकलं, मग दुसरं, मग तिसरं. एक पिचका, गोड आवाज आणि त्याच्यामागं सतत एक जाड घरघर. उसासा कुठं येतो, कुठं नाही, काही कळेना.

"शेवटचं?" ताईनं विचारलं.

बाईंचा हात कळीवर थांबला. "ते मी अजून ऐकलेलं नाही."

"मग राहू द्या."

"नको." त्यांनी कळ दाबली. "तुम्ही ऐका." आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आधी घरघर. खुर्ची सरकल्याचा आवाज. दार उघडतं. दूर जाणारी पावलं. लोखंडी झाकण वाजतं. आणि घरघर थांबते, खोल जात जात, पुरती. पावलं परत येतात. त्या शांततेत म्हातारी बोलायला लागते. एक श्वासही वाया जात नाही. मग ताईच्या लक्षात आलं की आवाज दोन आहेत. एक भरदार, एक चिरका. दोघी कशावरून तरी भांडताहेत, मधेच हसताहेत.

ताईनं यंत्र कानावरून काढलं.

"दुसरं कोण होतं खोलीत?"

"कोणी नव्हतं," बाई भिंतीशी बोलावं तसं म्हणाल्या. "त्यांची थोरली बहीण कधीच गेली. त्यानंतर त्यांच्याशी त्या भाषेत कोणी बोललेलं नाही. मी प्रश्न विचारायचे, पण माझं बोलणं म्हणजे पोपटाचं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, आज ताईशी बोलते. आणि दोघींचंही स्वतःच बोलल्या. एका कंगव्यावरून भांडण होतं, लहानपणचं."

७

"मी सांगू का, बाई?" ताई म्हणाली. "चुकलं तर थांबवा."

बाई खुर्चीत बसल्या.

"सगळे म्हणत होते, सुट्टीत झालं. पण त्या सकाळी किडेवाल्यांची बोटं पत्र्याला चिकटली, म्हणजे तेव्हा यंत्र चालू होतं. दुपारी गाठवाल्यांचं डोकं निवळलं. त्यांना वाटलं बुद्धी चालली. खरं म्हणजे भिंतीपलीकडची घरघर थांबली होती. यंत्र पुन्हा लावलं, तसं डोकं परत जड झालं. म्हणजे खटका सुट्टीत नाही, त्या दिवशी दुपारी बंद झाला. तेव्हा परागवाला गावातच नव्हता. दादा इस्पितळात. किडेवाले ग्रंथालयात पुस्तकं पोचवत होते. गाठवाल्यांना शांतता का आली हेच ठाऊक नाही. उरलं कोण? आणि शांतता हवी कोणाला होती?"

"मला," बाई म्हणाल्या.

"बंद केलंत ते कायमचं करायला नव्हे."

"तासाभरासाठी. तासाभरानं काही बिघडत नाही, एवढं मला कळत होतं. त्यांचं बोलणं संपलं की पुन्हा लावणार होते." त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले. "त्या थांबल्या, माझ्याकडे बघून आपल्या भाषेत म्हणाल्या, दमले गं. आणि मान कलली. मी पहारेकऱ्याला हाका मारल्या, रुग्णवाहिकेत चढले. संध्याकाळी त्या गेल्या. भाचीच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, सगळं आम्ही दोघींनीच उरकलं. सुट्ट्या संपल्या, मी कामावर आले, तर माणसं जमलेली आणि जमिनीवर ते काळं पाणी. त्या क्षणी आठवलं. त्याआधी एकदाही नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणारच होते. तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, परागवाल्यानं केलं. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसले. पहिल्या दिवशी फार जड गेलं. नंतर थोडं कमी." त्यांनी वर बघितलं. "हे कमी होत जातं, हे फार वाईट असतं हो, ताई."

ताईनं आगी लावणारी कितीतरी माणसं पाहिली होती. कोणाला धरलं की तिला आत कुठंतरी समाधान वाटायचं. आज काही वाटलं नाही.

"भावाला मी सांगते," ती म्हणाली.

"नाही. मीच येते."

८

दादा उशांना टेकून बसला होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कुठं आवाज न चढवता. वहिनी दारात, ताई पलंगाच्या कडेला. नळीतून हवा येत होती तेवढाच आवाज.

"किती वेळ लागला असता," दादा शेवटी म्हणाला, "खटका परत वर करायला?"

"काहीच नाही."

"माझं सगळं आयुष्य होतं ते."

"हो."

"तळं नाही आता. पुन्हा काढता येणार नाही."

"मला माहीत आहे. माझ्याही बाई आता नाहीत." लगेच त्या म्हणाल्या, "नाही, तसं म्हणायचं नव्हतं मला. दोन्हीची बरोबरी करत नाही मी."

दादा धापा टाकत होता. ताईनं त्याच्या छातीवर हात ठेवला, तो त्यानं बाजूला केला. "इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो. मला विचारायचंत! तासाभरासाठी मी स्वतः बंद केलं असतं, दाराशी खुर्ची टाकून बसलो असतो. विचारलं का नाहीत?"

बाईंनी खाली बघितलं. बोलू की नको असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"मागच्या वर्षी, जिन्यात. तुम्ही घाईत होतात."

"काय म्हणालो मी?"

"जाऊ द्या, सर."

"काय म्हणालो?"

"म्हणालात, बाई, माझा चिखल तुमच्या गाण्यांपेक्षा फार जुना आहे. आणि वर निघून गेलात. मी गाणी गोळा करत नव्हते. पण ते तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मलाही वाटायचं, तुम्ही तिथं जुनी मडकी ठेवता."

दारातून वहिनी म्हणाली, "म्हणालेच असतील." तिच्या आवाजात राग नव्हता. खूप वर्षं धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा तो आवाज होता.

दादानं डोळे मिटले. त्याला आठवत नव्हतं हे ताईला दिसलं, आणि आपण तसं म्हणालो असणार याची त्याला खात्री होती हेही दिसलं. बाई जायला निघाल्या तेव्हा तो डोळे न उघडता म्हणाला, "त्या भांडत होत्या, कंगव्यावरून. शेवटी कंगवा कोणाला मिळाला?"

"कळलं नाही. तिथले दोन शब्द मला लागत नाहीत. आता विचारायला कोणी नाही."

"हं," दादा म्हणाला. त्यानं क्षमा केली नाही, आणि तसं म्हणालाही नाही. पण त्या गेल्यावर त्यानं वहिनीला विचारलं, "त्या चहा न घेताच गेल्या का गं?"

मग थोड्या वेळानं, ताईकडे न बघता, "त्या मुलाला बोलाव."

९

परागवाला लगेच आला नाही. ताईनं फोनवर सगळं सांगितलं, तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. संचालकांनी त्याची माफी मागितली, बोलीवाल्या बाईंना रजेवर पाठवलं, घंटेबद्दल चकार शब्द काढला नाही. घंटेचा विषय ताईनंच सगळ्यांदेखत काढला, तेव्हा ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

दादा दार वाजलं की मान वळवायचा. दूधवाला, डॉक्टर, शेजारीण. त्याची तब्येत उतरतच होती. आता तो पाण्याचा पेलाही धरू शकत नव्हता.

एका दुपारी परागवाला आला. दाराबाहेर चपला काढून, जुन्या सवयीनं थेट आतल्या खोलीत गेला. वहिनीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला.

"उद्या निघतोय, सर. नवीन नोकरी."

"काय शिकवणार?"

"पोरांना सगळंच. तिथं परागकणांचं कोणाला पडलेलं नाही."

दादानं ओठ ओले केले. जे बोलायचं ते त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असावं, कारण एकदाही न अडखळता तो म्हणाला, "तो थर राखेचाच होता. मी पुन्हा बघितला होता. तुझं बरोबर होतं."

मुलाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "केव्हा बघितलात, सर?"

"मागं. तुझ्यानंतर."

"बोलला नाहीत."

"आता बोललो ना."

ताई खिडकीशी होती. आयुष्यभर तिनं माणसांचे चेहरे वाचले होते, खरं कोण बोलतंय हे ओळखण्यासाठीच तिला पगार मिळायचा. तिनं भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मग मुद्दाम रस्त्याकडे बघितलं.

परागवाला संध्याकाळपर्यंत बसला. दोघं फारसं बोलले नाहीत. एकदा त्यानं दादाची उशी सारखी केली, एकदा चमच्यानं पाणी पाजलं. दादाला झोप लागल्यावर तो उठला. ताई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. दिवे लागायचे होते. समोरच्या दुकानदारानं नुकतं पाणी मारलेला रस्ता ओला होता.

"खरं सांगितलं का रे त्यानं?" तिनं विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं.

त्यानं फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली.

"माहीत नाही, ताई. सर माझ्याशी कधी खोटं बोललेले नाहीत. पण मी त्यांना इतकं थकलेलंही कधी पाहिलेलं नव्हतं."

तो वळला आणि भराभर चालत गेला. कोपऱ्यावर त्यानं बाहीनं डोळे पुसल्याचं तिला दिसलं. आतून वहिनीनं हाक मारली, तशी ती परत फिरली.